मका घेतला, पण तो शिजवायची रीत? उत्तर अमेरिकेतील वसाहतकरी मूलनिवासींकडून काय शिकले आणि काय मागे राहिले

मूळ लेख

गेली अकरा वर्षे मी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, रॉचेस्टर शहराजवळ राहते. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर व्हिक्टर नावाचे गाव आहे आणि त्याला लागून असलेल्या टेकडीवर सतराव्या शतकात सेनेका लोकांची गानोंडागन ही मोठी वस्ती होती. सेनेका हे होडेनोशोनी महासंघातील, म्हणजे जुन्या पुस्तकांत ज्यांना इरोक्वाय म्हटले आहे त्या राष्ट्रसमूहातील, सर्वांत पश्चिमेकडचे राष्ट्र. १६८७ मध्ये न्यू फ्रान्स या फ्रेंच वसाहतीचा गव्हर्नर देनोव्हिल सैन्य घेऊन या भागात आला, तेव्हा मक्याची उभी शेते कापायला आणि साठवलेला मका नष्ट करायला त्याच्या माणसांना कित्येक दिवस लागले. आज त्या टेकडीवर सेनेका संस्कृतीचे केंद्र आहे आणि त्यांचा पांढऱ्या मक्याचा जुना वाण पुन्हा लोकांच्या ताटात यावा यासाठी तेथे काम चालते.

मागच्या शरद ऋतूत मी तेथे गेले होते. कणसांवरची पाने मागे ओढून, त्यांच्या लांबच लांब वेण्या घालून कणसे वाळत टांगलेली होती. वाळलेला दाणा चुन्याच्या पाण्यात उकळून, त्याची साल सुटली की चोळून धुवायचा आणि मगच खायचा, असे तेथे समजावून सांगितले गेले, तेव्हा मला आजीची चुन्याची निवळी आठवली. पेठा करताना कोहळ्याचे तुकडे ती निवळीत भिजत घालत असे, म्हणजे पाकात ते विरघळत नसत. इतक्या दूरच्या दोन स्वयंपाकघरांत चुन्याशी असलेली ही ओळख पाहून मी बराच वेळ तेथेच उभी राहिले.

युरोपातून आलेले वसाहतकरी मूलनिवासींकडून पुष्कळ शिकले, हे आता शाळेच्या पुस्तकांतही असते. मला विचारायचे आहे ते थोडे वेगळे आहे. ते नेमके कोणाकडून शिकले आणि कोणाला त्यांनी विचारलेच नाही? माझे मत असे झाले आहे की त्यांनी पीक घेतले, होडी घेतली, वाटा घेतल्या. परंतु जे ज्ञान बायकांच्या हातांत होते त्याकडे त्यांची नजर फारशी गेली नाही आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

सर्वपरिचित उदाहरणापासून सुरुवात करते. १६२० च्या अखेरीस मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर आले आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यातील सुमारे निम्मे दगावले. केप कॉड येथे मूलनिवासींनी जमिनीत पुरून ठेवलेला मका त्यांना सापडला आणि तो त्यांनी उचलून नेला. दुसऱ्या वर्षीचे बियाणे त्यातूनच झाले. १६२१ च्या वसंत ऋतूत तिस्क्वांटम नावाच्या माणसाने त्यांना मातीची लहान आळी करून, त्यांत मासे पुरून मका टोकायला शिकवले. त्यांनी स्वतः आणलेले गहू आणि वाटाणे त्या वर्षी नीट आलेच नाहीत. मासे पुरण्याची पद्धत मूळची तेथलीच होती की तिस्क्वांटमने ती युरोपात पाहिली होती, यावर इतिहासकारांत वाद आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती जागा. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने तिस्क्वांटमला पळवून स्पेनमध्ये विकले होते. तेथून लंडनमार्गे १६१९ मध्ये तो परत आला, तेव्हा युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने त्याचे पटुक्सेट हे गाव संपूर्ण संपलेले होते. मेफ्लॉवरच्या लोकांची प्लिमथ ही वसाहत उभी राहिली ती याच पटुक्सेटच्या साफ केलेल्या शेतांवर. म्हणजे तो माणूस आपल्याच मेलेल्या गावाच्या जमिनीत परक्यांना पेरणी शिकवत होता.

तेथील समाजात शेती हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम होते. तिस्क्वांटमने शेत दाखवले. पण कणीस घरात आल्यानंतर त्याचे काय करायचे, कोणता वाण कशासाठी राखायचा, राखेच्या पाण्यात तो किती वेळ उकळायचा, हे सांगणाऱ्या पटुक्सेटच्या बायका तेव्हा हयात नव्हत्या.

होडेनोशोनी प्रदेशात बायका हयात होत्या आणि शेते त्यांचीच होती. मातीच्या उंचवट्यावर मका, त्याच्या ताटाला धरून चढणारा घेवडा आणि खाली पसरलेला भोपळ्याचा वेल, अशी ती शेती. या तिघींना ते बहिणी म्हणतात. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते आणि भोपळ्याच्या रुंद पानांमुळे ओल टिकते व तण दबते. कॉर्नेल विद्यापीठातील मृदा व पीकशास्त्रज्ञ जेन माउंट प्लेझंट, ज्या स्वतः होडेनोशोनींपैकी टस्करोरा वंशाच्या आहेत, यांनी जुन्या नोंदी आणि प्रत्यक्ष लागवड यांच्या आधारे असा निष्कर्ष काढला की सतराव्या-अठराव्या शतकात या शेतांतून एकरी निघणारे धान्य त्या काळच्या युरोपातील गव्हाच्या तिप्पट ते पाचपट होते. नांगर नव्हता म्हणून उत्पादन कमी असेल, ही आपली समजूत त्यामुळे उलटी होते. नांगरट नसल्यामुळे जमिनीतील सेंद्रिय अंश टिकून राहत होता.

हे सर्व वसाहतकऱ्यांना दिसत नव्हते असे नाही. १७७९ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, जॉर्ज वॉशिंग्टनच्या आज्ञेने जनरल सलिव्हनचे सैन्य या प्रदेशात घुसले, ४० गावे जाळली गेली आणि सलिव्हनच्या अहवालानुसार १,६०,००० बुशेल (धान्य मोजण्याचे माप) मका नष्ट केला गेला. त्याच सैनिकांच्या रोजनिशींत या शेतांचे आणि फळबागांचे मनापासून केलेले कौतुक आहे, आणि युद्ध संपल्यावर त्यांपैकी काही जण याच जमिनींवर वस्तीला आले. १७९८ मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक ॲलेगनी नदीकाठच्या सेनेकांकडे सद्भावनेने आले, तेव्हा त्यांचा आग्रह असा होता की पुरुषांनी नांगर धरावा आणि बायकांनी शेत सोडून सूत कातावे. शेतात राबणारी बाई म्हणजे पिचलेली बाई, एवढेच त्यांना दिसले. शेताची मालकीण आणि बियाण्याची जाणकार त्यांना दिसली नाही.

आपणांपैकी कोणाला अशी आणखी उदाहरणे ठाऊक असतील, किंवा माझे म्हणणे चुकीचे वाटत असेल, तर जरूर लिहावे.

प्रतिसाद १

लेख आवडला. मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून ज्या किमतीचा आपण उल्लेख केला आहे तिच्याविषयी लिहितो, आणि एका ठिकाणी मतभेदही नोंदवतो.

मक्यात नियासिन हे जीवनसत्त्व असते, पण ते अशा रूपात जखडलेले असते की शरीराला त्यातील फारच थोडे मिळते. चुना किंवा लाकडाची राख घातलेल्या आम्लारीधर्मी पाण्यात दाणा शिजवला की ते सुटे होते. मेक्सिको व मध्य अमेरिकेत अशा शिजवलेल्या मक्याला निक्स्तमाल म्हणतात आणि ही प्रक्रिया हजारो वर्षे जुनी आहे. मका युरोपात गेला तो या प्रक्रियेवाचून गेला. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याला मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत एक रोग आढळला, ज्यात उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर लाल चट्टे येत, जुलाब होत आणि शेवटी बुद्धिभ्रंश होई. १७७१ मध्ये इटलीत फ्रापोली याने त्याला पेलाग्रा, म्हणजे खरखरीत त्वचा, हे नाव छापील रूपात दिले. मक्याची लापशी हेच उत्तर इटलीतील शेतमजुरांचे रोजचे अन्न होते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९०६ ते १९४० या काळात सुमारे ३० लाख लोकांना हा रोग झाला आणि सुमारे १ लाख माणसे त्यात मेली, असा अंदाज आहे. मृतांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते, कारण घरात जे थोडे दूध-मांस येई ते आधी कमावत्या पुरुषाच्या ताटात जाई. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी याचा शोध घेतला. मनोरुग्णालये आणि अनाथालये पाहताना त्यांच्या लक्षात आले की तेथील रहिवाशांना रोग होतो, कर्मचाऱ्यांना होत नाही. मग तो संसर्गजन्य कसा असेल? १९१५ मध्ये मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर, शिक्षामाफीच्या बदल्यात तयार झालेल्या कैद्यांना केवळ मका, तांदूळ, साखर, रताळी असा आहार देऊन त्यांनी तो रोग उत्पन्न करून दाखवला. तरीही कित्येक वर्षे त्यांचे म्हणणे मानले गेले नाही. नियासिनची ओळख १९३७ मध्ये एल्व्हेजेम यांनी पटवली, तेव्हा गोल्डबर्गर हयात नव्हते.

आता मतभेद. वसाहतकरी ही रीत शिकलेच नाहीत, हे पूर्णपणे बरोबर नाही. राखेच्या क्षाराने साल काढलेल्या मक्याला तेथे हॉमिनी म्हणतात. तो शब्द मूलनिवासी भाषेतून आला आणि तो पदार्थ दक्षिणेतील पुष्कळ घरांत होत असे. म्हणून माझ्या मते तेथे अज्ञानापेक्षा गरिबीचा दोष मोठा होता. कापसाखाली सर्व जमीन गेल्यामुळे कुळांना भाजी लावायला परसदेखील उरले नाही, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या गिरण्या पीठ टिकावे म्हणून दाण्याचा अंकुर काढून टाकू लागल्या. रोजची भाकरी त्या पिठाची झाली आणि हॉमिनी अधूनमधूनची राहिली.

आपल्याशी संबंधित एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दख्खनमधील ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांतील पेलाग्राचा अभ्यास केला होता. ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाचे आधिक्य हे कारण त्यांनी सुचवले आणि त्यावर पुढे बराच वाद झाला. परंतु एकाच धान्यावर जगायला लागणारी माणसेच या रोगाला बळी पडतात, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

प्रतिसाद २

मी माँट्रियलला असते. धागाकर्तीच्या मुद्द्याला पुष्टी देणारे एक जुने उदाहरण येथलेच आहे.

१५३५-३६ च्या हिवाळ्यात झाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीची तीन जहाजे आजच्या क्वेबेक शहराजवळ, स्टाडाकोना या गावाशेजारी, बर्फात अडकली होती. ११० माणसांपैकी २५ जण स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाने, मेले आणि उरलेल्यांतील धडधाकट माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. स्टाडाकोनाचा प्रमुख दोनाकोना याचा मुलगा दोमागाया स्वतः त्याच आजारातून नुकताच उठला होता. कशाने बरा झालास, असे कार्तिएने विचारल्यावर त्याने अनेद्दा नावाच्या झाडाचे नाव सांगितले, आणि झाड दाखवायला दोन बायकांना बरोबर पाठवले. त्या बायकांनी नऊ-दहा फांद्या आणल्या आणि साल व पाने कुटून पाण्यात कशी उकळायची हे दाखवले. आठ दिवसांत एक अख्खे मोठे झाड संपले आणि माणसे उठून बसली. ते झाड बहुधा पांढरा सीडर असावा, पण अभ्यासकांत एकमत नाही.

पुढच्या वसंतात कार्तिएने दोनाकोना, त्याची मुले आणि इतर काही जण, असे मिळून दहा माणसे जबरदस्तीने फ्रान्सला नेली. एक मुलगी वगळता ती सर्व तेथेच मेली. १६०४-०५ मध्ये सेंट क्रॉय बेटावर शांप्लें या फ्रेंच प्रवाशाच्या सोबतच्या ७९ माणसांपैकी ३५ जण पुन्हा स्कर्व्हीने गेले. शांप्लेंला अनेद्दा हे नाव माहीत होते, पण ते झाड दाखवू शकेल असे कोणी त्याला भेटले नाही, कारण तोपर्यंत स्टाडाकोनाचे लोक सेंट लॉरेन्स नदीकाठावरून नाहीसे झालेले होते. स्कर्व्हीवर लिंबूवर्गीय फळांचा प्रयोग करणाऱ्या जेम्स लिंडच्या १७५३ च्या ग्रंथात कार्तिएच्या माणसांची ही हकिकत आहे. म्हणजे कागदावर ती दोनशे वर्षे शाबूत होती. त्या दोन बायकांची नावे मात्र कार्तिएच्या वृत्तांतात नाहीत, आणि ते मला वाचताना प्रत्येक वेळी खुपते.

दुसरे उदाहरण उत्तरेकडचे. हडसन्स बे या इंग्रज व्यापारी कंपनीचा सॅम्युएल हर्न तांब्याच्या खाणी शोधायला १७६९ आणि १७७० मध्ये दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा हात हलवत परतला. वाटेत भेटलेल्या मतोनाबी या चिपवायन डेने जमातीच्या पुढाऱ्याने त्याला अपयशाचे कारण सांगितले, की तुमच्याबरोबर बायका नव्हत्या. ओझी वाहणे, घसरगाड्या ओढणे, तंबू उभारणे, कातडी कमावणे, कपडे आणि बर्फातले जोडे शिवणे व दुरुस्त करणे हे सर्व बायका करतात. त्यांच्यावाचून या मुलखात कोणी लांबचा प्रवास करू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. तिसऱ्या वेळी मतोनाबी आपल्या बायकांसह बरोबर गेला आणि जुलै १७७१ मध्ये हर्न कॉपरमाइन नदीच्या मुखाशी पोहोचला. मतोनाबीच्या बोलण्यात बायकांविषयी आदर होता असे मी म्हणणार नाही; तो त्यांना ओझ्याच्या जनावरांच्या हिशेबात मोजत होता. तरीसुद्धा प्रवास कोणाच्या कामावर उभा आहे हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि कंपनीच्या किल्ल्यावरच्या ज्या अधिकाऱ्याने बायकांना नेऊ नका असा सल्ला दिला होता त्याला ते ठाऊक नव्हते.

प्रतिसाद ३

मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात शेती करतो. तीन बहिणींच्या शेताचे वर्णन वाचून आमचे जुने बाजरीचे रान डोळ्यांपुढे आले. बाजरीच्या ओळींत मटकी, हुलगा आणि कडेने तूर, असे आमच्याकडे पूर्वी सगळेच पेरत. कोणते बी कोणत्या मडक्यात राखेत घालून ठेवायचे, हे माझ्या आईलाच माहीत असे. वडील पाभर धरत, पण चाड्यावर मूठ तिची असे. शेती अधिकारी घरी आले की खताविषयी वडिलांशी बोलून जात, तिला कोणी काही विचारल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे धागाकर्तीचे म्हणणे मला परक्या देशातले वाटत नाही.

एक भर घालतो. आपल्या उपवासाच्या ताटातील साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, रताळे, मिरची हे सर्व अमेरिका खंडातील मूलनिवासींनी जोपासलेले आहे आणि ते पोर्तुगीजांच्या काळात व त्यानंतर आपल्यापर्यंत आले. साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून होतो, त्याच्या कडू जातींत सायनाइड तयार होते. किसून, पिळून, भिजवून ते काढण्याची रीत दक्षिण अमेरिकेतील लोकांनी बसवली. आफ्रिकेत काही भागांत दुष्काळात किंवा घाईत ही प्रक्रिया अपुरी राहिली की पाय कायमचे लुळे पडण्याचा कोंझो नावाचा रोग होतो. पीक आणि त्याची रीत यांची ताटातूट झाली की काय होते, त्याचे हे मक्याहून भयंकर उदाहरण मला वाटते.

धागाकर्तीला विनंती आहे की मका चुन्यात शिजवण्याची कृती प्रमाणासह द्यावी. आमच्याकडे मका बहुतेक कोंबड्यांच्या खाद्याला जातो.

प्रतिसाद ४

राज्यव्यवस्थेचा विषय अजून आलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. अमेरिकेची राज्यघटना होडेनोशोनी महासंघावरून घेतली असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते आणि १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्या प्रभावाची दखल घेणारा ठरावही केला. १७४४ मध्ये लँकेस्टर येथील तहाच्या वेळी होडेनोशोनींपैकी ओनोंडागा राष्ट्राचा पुढारी कानासाटेगो याने इंग्रज वसाहतींना आमच्यासारखे एक व्हा असा सल्ला दिला होता, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु घटनेच्या कलमांपर्यंत तो प्रभाव किती पोहोचला, यावर इतिहासकारांचे तीव्र मतभेद आहेत आणि मला स्वतःला तो दावा ताणलेला वाटतो.

त्याचे कारण आपल्याच मुद्द्यात आहे. होडेनोशोनींमध्ये पुढारी निवडण्याचा आणि चुकल्यास त्याला पदावरून काढण्याचा अधिकार कुळमातांचा असतो. १७८७ च्या घटनेत याचा मागमूस नाही आणि देशभरातील स्त्रियांना मताधिकार मिळायला १९२० उजाडले. ज्यांनी शेजारच्या या समाजाकडे त्या दृष्टीने पाहिले त्या स्त्रियाच होत्या. अमेरिकेतील स्त्रीहक्कांची पहिली परिषद १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे, म्हणजे होडेनोशोनींच्या जुन्या भूमीतच भरली, आणि त्या चळवळीतील मटिल्डा जोसलिन गेज यांनी होडेनोशोनी स्त्रियांच्या अधिकारांविषयी आवर्जून लिहिले. १८९३ मध्ये होडेनोशोनींपैकी मोहॉक राष्ट्राच्या लांडगा कुळाने त्यांना आपले मानून घेतले.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातील मतभेद मला मान्य आहे. हॉमिनीचा मी विचार केला नव्हता, आणि रीत शिकूनही ती गरिबीमुळे व गिरणीमुळे सुटू शकते हे माझ्या मांडणीत आले नव्हते. शिकलेच नाहीत असे म्हणण्याऐवजी, रीत घरोघरच्या बायकांच्या हाती राहिली आणि तिचे महत्त्व कोणीही लिहून ठेवले नाही, म्हणून ती सहज सुटली, असे मी आता म्हणेन. मक्यानेच रोग होतो असे डॉक्टर अनेक दशके म्हणत होते, तेव्हा शेकडो वर्षे मका खाऊनही ज्यांना तो होत नाही त्या लोकांचा स्वयंपाक पाहावा असे फार थोड्यांना सुचले, याचे दुःख मात्र कायम आहे. अनेद्दा आणणाऱ्या त्या दोन बायकांविषयी मला काहीच माहीत नव्हते. ती हकिकत वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी होते.

माणच्या दादांसाठी कृती लिहिते. पूर्ण वाळलेला मका घ्यावा, कोवळा किंवा गोड मका चालत नाही, आणि बियाण्याचा औषध लावलेला मका कधीही घेऊ नये. एक किलो मक्याला सुमारे १० ग्रॅम खाण्याचा चुना आणि तीन लिटर पाणी पुरते. केवळ वरची निवळी सौम्य पडते, म्हणून चुना पाण्यात कालवून तसाच घालावा. भांडे स्टीलचे असावे, कारण ॲल्युमिनियमला चुना खातो. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, साल बोटांनी सुटेपर्यंत उकळावा आणि त्याच पाण्यात रात्रभर झाकून ठेवावा. सकाळी पाणी टाकून, दाणे हातांनी चोळत तीन-चार पाण्यांतून धुवावेत. सेनेका घरांत हे धुतलेले दाणे राजम्यासारख्या घेवड्याबरोबर तासन्तास शिजवून त्याचे दाट सार करतात. ते ओलसर दाणे पाट्यावर वाटून त्याच्या भाकऱ्याही होतात, आणि साध्या मक्याच्या पिठाची भाकरी जशी थापताना चिरते तशी ही चिरत नाही.